ग्लासाएवढी कुंडी

(गच्चीवरून दिसणारी गल्ली. कचरागाडीचं गाणं जवळ येतंय.)

इंदूर, रामबाग. सकाळचे सात.
हे गाणं कानावर आलं की इथलं शाळेत न जाणारं पोरही सांगतं, ओलं कुठे टाकायचं आणि सुकं कुठे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला नंबर, सातव्यांदा सुरतेबरोबर वाटून. देवगुराडियाच्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय आहे. सगळं चांगलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की डबा गाडीत रिकामा करण्याआधी एकदा आत डोकवावं. रोपांसाठी कुंड्या त्यातूनच करता येतात.

(गच्चीवर पसारा. मुलांचे हात.)

मे महिन्याची सुट्टी, पाच मुलं, एक आजी. दुधाच्या पिशव्या, शेवेची पाकिटं, करवंट्या, कुल्फीच्या काड्या. अंड्याची टरफलं शेजारून आलेली आहेत. आपल्या घरची नाहीत, हे आजींनी आम्हाला दोनदा सांगितलं.
आणि रद्दी. हिंदी पेपर हवे तेवढे फाडा, दिवाळी अंकांना हात लावायचा नाही, ही अट.

(जवळून: स्टीलचा ग्लास, कागद.)

आता हे सावकाश बघा. कागदाची वीतभर रुंद पट्टी. ती ग्लासाभोवती गुंडाळायची, बुडाशी चार बोटं कागद मोकळा सोडायचा. तो आत दुमडायचा, एक घडी, दुसरी घडी, मग ग्लास फरशीवर जोरात दाबायचा. ग्लास तोंडाशी रुंद, बुडाशी निमुळता, म्हणून वर ओढला की अलगद सुटतो. मागे उरते कुंडी. डिंक नाही, टेप नाही. चकचकीत पुरवणी मात्र नको, ती पाणी पीत नाही. रोप मोठं झालं की कुंडीसकट मातीत पुरायचं, मुळं कागद फोडून बाहेर येतात. फक्त कागदाची कड मातीच्या वर राहू द्यायची नाही. राहिली तर वातीसारखी ओल शोषून वाऱ्यावर उडवते.
चष्मेवाल्याच्या पहिल्या तीन कुंड्या उलगडल्या. चौथी टिकली. बाजारात प्लास्टिकचे तयार ट्रे मिळतात, पण त्यात ही चौथी कुंडी मिळत नाही.

(काळी माती. लाडू.)

माळव्याची माती. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. नुसती वापरली तर कोवळं मूळ गुदमरतं. म्हणून एक वाटा माती, एक वाटा वाळू, एक वाटा शेणखत. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, की जमलं. हे लाडू आम्ही जरा जास्तच चित्रित केलेत. मुलांना थांबवणं जमलं नाही.

(वाटीत टोमॅटोच्या बिया.)

बियाही घरच्याच. मेथी मिसळणाच्या डब्यातली. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका केलेले. पिकलेल्या टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायचा. वर फेस येतो, वास येतो, मुलं नाक धरतात. बीभोवतीचा बुळबुळीत थर तिला उगवू देत नाही, तो असा सुटतो. चांगली बी तळाशी बसते.
टोमॅटोची बी अर्धा सेंटिमीटर खोल, घेवड्याची बोटाच्या पहिल्या पेराइतकी. नावं काडीवर पेन्सिलीनेच लिहायची. स्केचपेनने लिहिलेली मिरची दुसऱ्याच दिवशी वाहून गेली, आणि ती कुंडी कुणाची, यावरून भांडण झालं.

(तिसरा दिवस. मेथी.)

मेथी आधी. टोमॅटो आठवडाभराने.
घेवडा माती फोडून वर येताना आमच्या चित्रीकरणात नाही. त्या वेळी आम्ही खाली पोहे खात होतो. हा त्यानंतरचा, पाठीवर बीच्या दोन फाका घेऊन वाकलेला.
"आजी, निकल आया! खरंच निकल आया!"

(दोन वेण्यांची मुलगी, बाटली, झाकणाला सुईने पाडलेली भोकं.)

पाणी घालायला सगळे तयार. सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा.

(आडवी पडलेली रोपं.)

जास्त पाण्याने बुडाशी बुरशी लागली, निम्मी रोपं कोलमडली.

(पाऊस. मुलं जिना उतरताना, हातात कागदी कुंड्या.)

जूनचा उत्तरार्ध. उरलेली रोपं ज्याच्या त्याच्या घरी निघाली. टरफलातली लावताना टरफल मुठीत चुरडून घ्यायचं, नाहीतर मूळ आतच फिरत राहतं. दुधाची पिशवी मात्र कापून बाजूला काढायची, धुऊन सुक्यात टाकायची.

(रिकामी गच्ची. आजी काहीतरी शोधतायत.)

"ग्लास सहा होते रे. पाचच आहेत."