ती गाडी थांबवली तर वाचतं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. नोकरीची अकरा वर्षं मी इंदूरजवळच्या महूहून मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या पॅसेंजरनं चोरलच्या शाळेत शिकवायला जात होते. सकाळी घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. परतीला कालाकुंड आलं की गाडी बराच वेळ थांबायची. पळसाच्या पानावर कलाकंद घेऊन पोरं खिडकीशी यायची, आणि तेवढ्यात मागून दुसरं इंजिन जोडलं जायचं. एक धक्का बसायचा, खिडक्यांच्या गजांना बाहेरून अडकवलेले दुधाचे रिकामे डबे खणखणायचे. मग दोन इंजिनं मिळून ती लहानशी गाडी पाताळपाणीपर्यंत वर ओढायची. चढच तसा आहे, चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर.

माझ्या डब्यात रेल्वेच्या हिशेब खात्यातले एक गृहस्थ असायचे. एकदा ते म्हणाले, "बाई, दोन इंजिनं, दोन्हीवर माणसं, शेवटी गार्ड, आणि तिकिटं बघा किती रुपयांची. ही गाडी तोट्यातच जाणार." मी काही बोलले नाही, कारण ते म्हणत होते ते समोर दिसतच होतं. समोरच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या दोन मुली दप्तर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पॅसेंजर गाडी तोट्यात जाते, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. रेल्वेमंत्र्यांनीही 2024 मध्ये संसदेत सांगितलं की प्रवासाचा खर्च 100 रुपये असेल तर प्रवाशाकडून 54 रुपयेच घेतले जातात. उरलेला भार बराचसा मालगाड्या उचलतात. कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य यांच्या भाड्यातून आपलं तिकीट स्वस्त राहतं. हे खरं आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही.

पण हे 100 रुपये मोजतात कसे? रूळ, पूल, सिग्नल, स्टेशनं, त्यांवरची माणसं, हा खर्च मालगाडी, एक्सप्रेस आणि पॅसेंजर सगळ्यांचा मिळून असतो. तो एका सूत्रानं वाटला जातो आणि प्रत्येकीच्या नावावर तिचा वाटा टाकला जातो. मग पॅसेंजरच्या नावावर भला मोठा आकडा दिसतो. उद्या ती पॅसेंजर बंद केली, तर रूळ उखडणार का? सिग्नल विझणार का? स्टेशनमास्तर घरी जाणार का? मालगाडी आणि एक्सप्रेस त्याच रुळावरून जात राहणार, आणि पॅसेंजरच्या वाट्याचा खर्च गुपचूप त्यांच्या नावावर चढणार. खरोखर वाचेल ते डिझेल किंवा वीज, त्या गाडीवरच्या माणसांचा वेळ आणि डब्यांची झीज. म्हणून कोणतीही गाडी बंद करण्याआधी एकच आकडा जाहीर व्हावा, ती थांबवली तर वाचतं किती? सरासरी तोटा किती, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत झाल्यामुळे लहान स्टेशनांचं फार नुकसान झालं आहे.

घाटातली आमची गाडी तर याच्या उलट उदाहरण होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. तिथला बराचसा खर्च त्या गाड्यांसाठीच होता. तरी ती चालवली गेली, कारण घाटातल्या वस्त्यांना दुसरी धड वाट नव्हती. 2023 मध्ये गेज बदलण्यासाठी तो मार्ग बंद झाला. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली हेरिटेज गाडी राहिली, ती धबधबा बघणाऱ्यांसाठी. दूधवाल्यांच्या वेळा तिला कुठून जमणार!

या मार्गाच्या मालकीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीनं. म्हणजे वर्षाला साडेचार लाख व्याज. 1874 मध्ये खंडवा ते सनावद तुकडा सुरू झाला, 1876 मध्ये नर्मदेवरचा पूल खुद्द महाराजांच्या हस्ते खुला झाला. रेल्वेला नाव होळकरांचं होतं, चालवणारं सरकार मात्र दुसरं. तरी पैसा घातल्यामुळे दरबाराला एक गोष्ट मिळाली: रेल्वे आपल्या राजधानीला आली. ज्याची गरज आहे त्यानं खिशात हात घातला की बोलण्याला वजन येतं.

आज आपल्या पॅसेंजरची वेळ रेल्वेच्या रतलामच्या विभागीय कार्यालयात आणि मुंबईत चर्चगेटच्या मुख्यालयात ठरते. तिथले लोक वाईट नाहीत, पण त्यांना राऊच्या भाजीवालीची सकाळ दिसत नाही. कोरोनानंतर पॅसेंजरचं किमान भाडं 10 वरून 30 रुपयांवर गेलं आणि 2024 मध्ये पुन्हा 10 वर आलं. मधल्या काळात इंदूरला येऊन परत जायला तिला 60 रुपये पडत होते. तिनं टोपली उचलून टेंपोत बसणं पत्करलं. भाडं खाली आलं तरी तुटलेली सवय लगेच जुळत नाही, आणि डबे रिकामे दिसले की पुन्हा तोट्याचा आकडा पुढे येतो.

कोकण रेल्वे उभी राहिली ती भागीदारीतून. रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे 6-6. तसंच मार्ग बांधून झाल्यावर त्यावर गाडी चालवण्याच्या खर्चातही राज्यानं वाटा का घेऊ नये? राज्य सरकार रस्त्यांवर पैसा खर्च करतंच. महू-इंदूर-उज्जैनच्या चार पॅसेंजरसाठी, जितकं खरोखर वाचणार असेल तितकी रक्कम राज्यानं द्यावी आणि बदल्यात वेळापत्रकात मत मागावं. कंपनीनं चालवलेली गाडी आपण पाहिली आहे. 2020 च्या फेब्रुवारीत रेल्वेच्याच आयआरसीटीसी कंपनीची काशी महाकाल एक्सप्रेस इंदूरला आली आणि कोरोनात थांबली. नफ्याच्या गणितावर चालणाऱ्या गाडीला कोणी थांबवून जाब विचारू शकत नाही.

आणि आता मनमाड. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं इंदूर-मनमाड नव्या मार्गाला मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्टेशनं. इंदुरातल्या मराठी घरांनी या मार्गाची किती वाट पाहिली, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या आजोळची निम्मी माणसं धुळ्याकडची. पण मला काळजी त्या 30 स्टेशनांची आहे. तिथे दिवसाला किती पॅसेंजर थांबणार, त्यांचा खर्च कोण उचलणार, हे रूळ टाकतानाच दोन्ही राज्यांनी लिहून घ्यावं. आमदार-खासदारांना भेटायला जाल तेव्हा उद्घाटनाच्या तारखेबरोबर हेही विचारा. मी याबद्दल नव्या मार्गावरच्या सेंधव्याच्या बाजूच्या काही शिक्षकांना पत्रं पाठवली आहेत. दोघांची उत्तरं आली आहेत.