आयकॉनमागचं वाक्य

डेस्कटॉपवरचा आयकॉन कुणाच्या हातून डिलीट झाला की मला ठरलेला फोन येतो : ‘अहो, सॉफ्टवेअर उडालं!’ उडालेलं काहीच नसतं. प्रोग्राम त्याच्या फोल्डरमध्ये जागच्या जागी असतो. गेलेली असते एक चिठ्ठी, म्हणजे शॉर्टकट. तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं, की अमक्या फोल्डरमधला तमका प्रोग्राम सुरू कर. आज मला बोलायचंय ते या चिठ्ठीबद्दल. तिच्यावरचं वाक्य तिथेच संपायला हवं असं नाही. त्यापुढे चार शब्द वाढवता येतात, आणि ते वाढवले की तोच प्रोग्राम वेगळा वागतो. या शब्दांना कुणी फ्लॅग म्हणतं, कुणी पॅरामीटर. गेम खेळणारी मुलं लाँच ऑप्शन म्हणतात. मी स्विच म्हणणार आहे, तोंडात तोच बसलाय म्हणून.

तुम्हाला वाटेल, हे काळ्या खिडकीत टाइप करत बसणाऱ्यांचं काम. पण तुम्हीही हे रोज करता. विंडोजवर किंवा लिनक्सवर एखाद्या फाइलवर डबल क्लिक केलं, की ती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची हे सिस्टिम बघते, तो प्रोग्राम सुरू करते आणि सुरू करतानाच फाइलचा पत्ता त्याच्या हातात देते. चिठ्ठीतलं वाक्य त्या एका शब्दाने वाढलेलं असतं. फाइल उचलून प्रोग्रामच्या आयकॉनवर टाकली तरी तेच.

सी भाषेतला प्रोग्राम ‘मेन’ नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. त्याला दोन गोष्टी मिळतात : किती शब्द आले तो आकडा, आणि ते शब्द. युनिक्सवर, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज सिस्टिमवर, १९७०च्या दशकात रुळलेली ही पद्धत आजही तशीच आहे. गंमत म्हणजे यादीतला पहिला शब्द रिवाजाने प्रोग्रामचं स्वतःचं नाव असतं. म्हणजे नुसता आयकॉन दाबला तरी प्रोग्रामला निदान आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली ते कळतं. विम नावाचा एक जुना एडिटर आहे. त्याला ‘व्ह्यू’ या नावाने हाक मारली तर तो फाइल फक्त वाचण्यापुरती उघडतो. प्रोग्राम तोच, हाक वेगळी.

आता कळीचा प्रश्न. सेटिंग्ज असताना हे हवंच कशाला? एक कारण असं, की काही गोष्टी पहिली खिडकी उघडायच्या आधीच ठरलेल्या असाव्या लागतात. माहिती कोणत्या फोल्डरमधून वाचायची, ग्राफिक्स कार्ड वापरायचं की नाही, कोणती ऍड-इन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, उचलायची. खिडकी दिसेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. दुसरं कारण जास्त व्यवहारातलं आहे. बिघाड उघडतानाच होत असेल, तर सेटिंग्जपर्यंत पोचणार कसं? ऍड-इन बंद करायची सोय आतल्या मेनूत, आणि त्याच ऍड-इनमुळे मेनू दिसायच्या आधी प्रोग्राम कोसळतो. किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, अशी गत. अशा वेळी दाराबाहेरूनच सांगावं लागतं, की बाबा, यावेळी ते ऍड-इन न घेता उठ.

वर्ड उघडताना कंट्रोलचं बटण दाबून धरा. सेफ मोडमध्ये, म्हणजे जास्तीचं काही न चढवता, सुरू करू का, असं तो विचारतो. हीच गोष्ट ‘विनवर्ड’ या नावापुढे स्लॅश आणि सेफ असं लिहूनही होते. सेफऐवजी नुसतं ए लिहिलं तर ऍड-इन आणि सर्वांना लागू होणारी टेम्प्लेट त्या खेपेपुरती बाजूला राहतात. फायरफॉक्सला विंडोजवर शिफ्ट दाबून उघडलं की तोही विचारतो, मॅकवर ऑप्शनचं बटण. बिघाड कशामुळे आहे हे शोधायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. सेफ मोडमध्ये नीट चालला तर प्रोग्रामचा दोष नाही, तुम्ही त्याच्यावर चढवलेल्या गोष्टींचा आहे. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पुन्हा इन्स्टॉल करायची घाई लोक का करतात कोण जाणे. सेटिंग्ज आणि प्रोफाइलचा, म्हणजे तुमच्या साठवलेल्या माहितीचा, फोल्डर बहुधा मागे तसाच राहतो, आणि दुखणंही त्याच्याबरोबर राहतं.

मघाशी मी स्लॅश म्हणालो. काही ठिकाणी स्लॅश, काही ठिकाणी डॅश, असं का? विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिममध्ये स्विच स्लॅशने लिहायची पद्धत आधी पडली. त्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. १९८३ साली दोन क्रमांकाच्या आवृत्तीत फोल्डर आले, आणि पत्त्यात एका फोल्डरचं नाव दुसऱ्यापासून वेगळं दाखवायला खूण हवी झाली. युनिक्समध्ये त्यासाठी स्लॅश होता, पण डॉसमध्ये तो स्विचने अडवलेला. म्हणून उलटा स्लॅश घेतला. ती तडजोड आजही विंडोजच्या प्रत्येक पत्त्यात आडवी पडलेली दिसते. युनिक्सच्या घराण्यात स्विचला डॅश : एका अक्षराच्या आधी एक, पूर्ण शब्दाच्या आधी दोन, ही दोनची सवय ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने रूढ केली. आणि नुसतेच दोन डॅश, पुढे काही न जोडता, म्हणजे ‘स्विच संपले, यापुढे येतील ती फाइलींची नावं’. कुणी फाइलचं नावच डॅशने सुरू करून ठेवलं असेल तर ती डिलीट करताना या दोन रेघांची किंमत कळते.

हे शब्द लिहायचे कुठे? विंडोजवर शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे टार्गेट नावाची चौकट. आधी शॉर्टकटची प्रत काढा आणि बदल प्रतीत करा, मूळ चिठ्ठीला हात लावू नका. टार्गेटमधला पत्ता बहुतेकदा अवतरणचिन्हांत असतो, कारण प्रोग्राम फाइल्स या नावात मधे जागा आहे आणि अवतरणं नसली तर वाक्य तिथे तुटू शकतं. आपला स्विच शेवटच्या अवतरणचिन्हाच्या बाहेर, एक जागा सोडून. आत लिहिलात तर विंडोजला तो फाइलच्या नावाचाच भाग वाटतो आणि टार्गेट चुकीचं आहे अशी पाटी येते. लिनक्सवर ही चिठ्ठी म्हणजे नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असलेली छोटी मजकूर फाइल, आणि तिच्यातली एक्झेक या शब्दाने सुरू होणारी ओळ. त्या ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि यू किंवा एफ दिसलं तर ते राहू द्या. उघडायच्या पत्त्याची किंवा फाइलची ती राखीव जागा असते. मॅकवर आयकॉनला अशी चौकटच नाही, टर्मिनलमध्ये ओपन ही कमांड आणि डॅश डॅश आर्ग्ज असं लिहून त्यापुढे स्विच द्यावे लागतात.

इथे माझी एक फजिती सांगतो. एकदा वीसेक जणांना हे सगळं पायरीपायरीने लिहून पाठवलं. एकाच्याही मशीनवर चालेना. स्पेलिंग बरोबर, जागा बरोबर. दुपार गेल्यावर लक्षात आलं : मी दोन डॅश टाइप केले होते आणि वर्ड प्रोसेसरने शहाणपणा करून त्यांची एक लांब रेघ करून ठेवली होती. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली होती. डोळ्याला फरक कळत नाही, प्रोग्रामला कळतो. तेव्हापासून अशा सूचना मी नोटपॅडमध्येच लिहितो.

पण खरा गोंधळ उडतो तो पुढच्या गोष्टीने, म्हणून इथे थोडा थांबतो. क्रोमच्या शॉर्टकटला तुम्ही डॅश डॅश डिसेबल डॅश जीपीयू लावलं, शॉर्टकट दाबला, खिडकी उघडली, आणि फरक शून्य. का? कारण क्रोम आधीपासून चालू होता. नवा क्रोम उठतो, बघतो की याच प्रोफाइल फोल्डरवर एक भाऊ आधीच कामाला लागलाय, तेव्हा निरोप त्याच्याकडे देतो आणि स्वतः झोपी जातो. निरोपातलं ‘इनकॉग्निटो खिडकी उघड’ हे थोरल्याला आत्ताही करता येतं, तो करतो. ‘ग्राफिक्स कार्ड वापरू नकोस’ हे मात्र त्याला जन्मतःच सांगायला हवं होतं. आता ते कानाआड जातं. तक्रार नाही, पाटी नाही. शिवाय सगळ्या खिडक्या बंद केल्या म्हणजे क्रोम बंद झाला असंही नाही, तो पार्श्वभूमीत चालू राहू शकतो.

यावर दोन उपाय. सगळं पूर्ण बंद करून मग शॉर्टकट दाबायचा. किंवा डॅश डॅश यूझर डॅश डेटा डॅश डिर, बरोबरचं चिन्ह, आणि एका वेगळ्या फोल्डरचा पत्ता. फोल्डर वेगळा, म्हणून भाऊबंदकीचा प्रश्नच नाही. नवा क्रोम स्वतंत्र उभा राहतो, स्वतःची कुकी, स्वतःची एक्स्टेन्शन घेऊन. मला विचाराल तर सगळ्या स्विचमध्ये सर्वांत उपयोगी हाच. लिब्रेऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरचंही असंच आहे. खिडकी न उघडता फोल्डरभर फाइलींचं पीडीएफ करायला त्याच्याकडे हेडलेस आणि कन्व्हर्ट-टू हे झकास स्विच आहेत, पण लिब्रेऑफिस आधीच उघडं असेल तर कधीकधी काहीच न होता कमांड परत येते, आणि माणूस आपलंच स्पेलिंग तपासत बसतो.

स्विच पोचला की नाही हे क्रोमलाच विचारता येतं. पत्त्याच्या चौकटीत क्रोम, अपूर्णविराम, दोन स्लॅश आणि व्हर्जन असं लिहा. जे पान उघडतं त्यात कमांड लाइन या शब्दापुढे चिठ्ठीतलं पूर्ण वाक्य छापलेलं असतं. पण तिथे दिसला म्हणजे त्याने ऐकला असंही समजू नका. क्रोमला न कळणारा स्विच तो चुपचाप गिळतो. युनिक्सची जुनी साधनं याबाबतीत जास्त प्रामाणिक, ‘हा ऑप्शन मी ओळखत नाही’ म्हणून तिथल्या तिथे अडून बसतात. क्रोममधले शेकडो स्विच मुळात बनवणाऱ्यांनी स्वतःच्या चाचण्यांसाठी ठेवलेले आहेत आणि कोणताही कधीही जाऊ शकतो. त्यामुळे कुठून तरी उतरवलेली ‘वेग वाढवणारे बारा स्विच’ छापाची यादी मी लावत नाही, तुम्हीही लावू नका.

काही स्विच तर धोक्याचेच. डॅश डॅश नो डॅश सँडबॉक्स लावला की वेबपान आणि तुमचं मशीन यांच्यामधली भिंत निघते. क्रोम वर पट्टी दाखवून सावध करतो, आणि लोक फुलीवर टिचकी मारून ती पट्टी घालवतात. दुसरा, रिमोट डीबगिंग पोर्टचा. त्याने दुसऱ्या प्रोग्रामला बाहेरून क्रोम चालवता येतो. हा मूळचा प्रोग्रामरांच्या सोयीचा, पण चोरट्या सॉफ्टवेअरने त्याच्याच आधारे कुकी, म्हणजे तुमच्या लॉगिनच्या खुणा, पळवायला सुरुवात केली. म्हणून २०२५मध्ये आलेल्या १३६व्या आवृत्तीपासून तुमच्या नेहमीच्या प्रोफाइल फोल्डरवर क्रोम तो मानतच नाही. वेगळा फोल्डर दिलात तरच मानतो.

आणि चिठ्ठी तुम्हाला बदलता येते, तशी दुसऱ्यालाही येते. ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं, सेटिंग्जमध्ये होमपेज तर बरोबर आहे, असं दिसलं तर टार्गेटची चौकट उघडून बघा. कितीतरी उपद्रवी प्रोग्राम एवढंच करतात : अवतरणचिन्हाच्या पुढे एक पत्ता चिकटवतात. सेटिंग्ज कितीही वेळा रीसेट करा, ते पान येतच राहणार, कारण खोट सेटिंग्जमध्ये नाहीच. डेस्कटॉपवरची चिठ्ठी साफ केली तरी टास्कबारवर पिन केलेली चिठ्ठी वेगळी असते, तीही बघा. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा, की मेलमधल्या लिंकवर टिचकी मारली तर तुमचा शॉर्टकट वापरलाच जात नाही. ती वाट रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या, तिसऱ्याच वाक्याने जाते. पासवर्ड तर कधीच या वाक्यात लिहू नका, टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाइनचा रकाना उघडला की चालू प्रोग्रामची वाक्यं तिथे उघडी वाचता येतात.

गेमवाल्यांसाठी एवढंच : स्टीम या गेमच्या दुकानाच्या ऍपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शनची चौकट असते. तिथे दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये कमांड असं लिहिलं, की त्या जागी गेमचं मूळ वाक्य येऊन बसतं. त्याच्या नंतरचे शब्द गेमला मिळतात. आधीचे त्याला उठवणाऱ्यासाठी असतात.

आता शेवटचं, माझ्याच डेस्कटॉपवरचं. ‘क्रोम दोन’ नावाचा एक शॉर्टकट तिथे बरीच वर्षं होता, ग्राफिक्स कार्ड बंद ठेवणारा. काळी स्क्रीन येत होती म्हणून लावलेला असणार. त्यानंतर ड्रायव्हर बदलला, मॉनिटर बदलला, आणि मी तोच शॉर्टकट दाबत राहिलो. व्हिडिओ अडखळतो म्हणून कुरकुरही करत राहिलो. मध्यंतरी सहज स्विच काढून पाहिला. सगळं गुळगुळीत चालू लागलं. विंडोजच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्याच पानावर खाली कॉमेंट नावाची एक रिकामी चौकट असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. स्विच कधी आणि कशासाठी लावला ते मी आता तिथे लिहून ठेवतो. आयकॉनवर माउस नेला की ती ओळ दिसते.