लाँगवूड : तळघरापुरते पूर्ण झालेले घर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात, नॅचेझ शहराच्या कडेला, दाट झाडीच्या वर डोकावणारा हा कांद्याच्या आकाराचा घुमट पाहिला की एखादे प्रार्थनास्थळच समोर आहे असे वाटते. प्रत्यक्षात, कापसाच्या मळ्यांवर गडगंज झालेल्या हॅलर नट यांनी आपल्या कुटुंबाला राहण्यासाठी बांधायला घेतलेले हे घर आहे.

फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद सॅम्युअल स्लोन यांनी त्याचा आराखडा अष्टकोनी आखला आणि १८६० मध्ये काम सुरू झाले. मधोमध थेट घुमटापर्यंत मोकळी ठेवलेली उंच पोकळी, तिच्याभोवती मजल्यामागून मजला रचलेल्या एकूण ३२ खोल्या आणि वरून येणारा उजेड आरशांनी खालपर्यंत पोहोचवण्याची योजना असा हा बेत होता. हौस म्हणावी तर दांडगी, पण दक्षिणेतल्या उकाड्याचा विचारही त्यात होता, कारण तापलेली हवा या पोकळीतून वर निघून जाणार होती.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडून आलेले कारागीर काम अर्धवट टाकून आपापल्या घरी परतले. तोवर बाहेरचा डौल उभा राहिला होता. आत मात्र केवळ तळघरातल्या ९ खोल्या राहण्याजोग्या करता आल्या. नट स्वतः दक्षिणेच्या फुटीरपणाच्या विरोधात होते, तरीही युद्धात त्यांची मालमत्ता धुळीला मिळाली आणि १८६४ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी जूलिया यांनी मुलांसह याच तळघरात संसार केला आणि डोक्यावरचे रिकामे मजले त्यांच्या हयातीत रिकामेच राहिले. १९७० पासून हे घर नॅचेझमधील एका उद्यानप्रेमी मंडळाच्या ताब्यात आहे आणि ते मुद्दाम अपुरेच ठेवण्यात आले आहे.

तळघरातून जिना चढून वर आले की सजावट संपते. उघड्या तुळया, कारागिरांनी मागे टाकलेली हत्यारे, रंगाचे डबे आणि सामानाची खोकी इथे अजूनही आहेत. भिंतींना गिलावा कधी झालाच नाही, त्यामुळे नट यांच्या गुलामांनी याच जागेवर पाडलेल्या आणि भाजलेल्या विटा आज एकेक करून मोजता येतात. घर ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले असते, तर त्या चुन्याच्या गुळगुळीत थराखाली कायमच्या झाकल्या गेल्या असत्या.