तूप काढलं, पण त्या जागी काय आलं?

सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते, दिवसभर गोल्फ झालं, दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि २४ तारखेच्या पहाटे छातीत जोराची कळ आली. हार्ट अटॅक. माणूस पूर्वी दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचा, पण तेव्हा सिगारेट सोडून सहा वर्षं झाली होती. सगळा देश हादरला आणि जो तो विचारायला लागला की हे होतं तरी कशामुळे?

उत्तर घेऊन उभे होते मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक अ‍ॅन्सेल कीज. जेवणातल्या फॅटने कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्याने हार्ट बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. १९५८ पासून त्यांनी सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला आणि फॅट कमी खावं की कार्ब्ज (भात, पोळी, साखर यांतून येणारे), या सगळ्या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते त्यातच आहे. फिनलंडमधे लोक लोणी, दूध भरपूर खायचे, तिथे हार्टचे पेशंट भरमसाठ. ग्रीसच्या क्रीट बेटावर हार्टचा आजार अगदी कमी. आता कोणालाही वाटेल की क्रीटचे लोक फॅट कमी खात असतील, पण तसं नव्हतं, त्यांच्या जवळपास ४० टक्के कॅलरी फॅटमधूनच यायच्या, म्हणजे फिनलंडइतक्याच, फक्त ते फॅट होतं ऑलिव्ह तेलाचं, आणि सोबत डाळी, भाज्या, फळं.

लोकांपर्यंत मात्र एवढंच पोहोचलं की फॅट वाईट. १९७७ साली अमेरिकन सिनेटच्या कमिटीने सांगितलं की फॅट ३० टक्क्यांवर आणा आणि कार्ब्ज वाढवा. साखर कमी करा हेही त्यांनी सांगितलं होतं, पण ते मागे पडलं. बाजारात लो-फॅट बिस्किटं आली, लो-फॅट दही आलं, आणि फॅट काढलं की चव जाते म्हणून त्यात साखर, मैदा, स्टार्च आलं. लोक निर्धास्तपणे खात राहिले.

मग या लो-फॅट सल्ल्याची मोठी परीक्षा झाली. ४८,८३५ बायका, वय ५० ते ७९, साधारण आठ वर्षं. एका गटाला फॅट २० टक्क्यांवर आणायला सांगितलं, तेवढं कमी करणं त्यांना जमलं नाही पण कमी नक्की झालं. २००६ ला निकाल आला आणि हार्टच्या आजारात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता.

यावरून लो-कार्बवाले जिंकले असं वाटेल, तर २०१८ चा स्टॅनफर्डचा प्रयोग बघा. ६०९ माणसं, अर्धी लो-फॅट, अर्धी लो-कार्ब, पूर्ण एक वर्ष. लो-फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६. म्हणजे जवळपास सारखंच. लो-फॅटमधे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जास्त सुधारलं, लो-कार्बमधे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). पण दोन्ही गटांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावली होती की साखर आणि मैदा कमी, भाज्या भरपूर, आणि होईल तेवढं घरी शिजवून खा.

आता आपल्याकडे या. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासात दिसलं की भारतीयांच्या ६२ टक्के कॅलरी कार्ब्जमधून येतात, त्यात पांढरा भात, दळलेला गहू आणि साखर यांचाच भरणा. आपल्या रिपोर्टमधे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, हे चित्र फार दिसतं. अशा माणसाने तूप बंद केलं आणि भाताचा तिसरा वाढप चालूच ठेवला, किंवा उपासाला वाडगाभर साबुदाणा खाल्ला, जो जवळजवळ सगळा स्टार्चच, तर हार्टला काय फायदा? तोच भात थोडा कमी करून मटकीची उसळ वाढवली तर गोष्ट वेगळी. आणि तुपाच्या जागी स्वस्त पडतं म्हणून आपण वर्षानुवर्षं वनस्पती तूप वापरलं, त्यातलं ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारं फॅट, एलडीएल वाढवतं आणि एचडीएल खाली आणतं, म्हणजे दोन्हीकडून मार. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडावं लागलं, हे मला अजूनही पटत नाही.

लो-कार्ब करायचंच असेल तर जरूर करा, पण काही जणांचं एलडीएल त्यात बरंच वर जातं, म्हणून सुरू करण्याआधी आणि दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी, करून घ्या. आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी एकदम बंद करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण डोस तोच राहिला तर शुगर धडकन खाली येऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. डोस आधी बदलून घ्या, मगच ताटातला भात कमी करा.