पगार आला का?

दहा वाजायचेत. बँकेचं शटर अजून वर गेलेलं नाही, पण ओट्यावर बाया येऊन बसल्यात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, त्यात घडी करून ठेवलेलं आधार. नवी कुणी आली की आधी एकच विचारते, "पगार आला का?"

यातली एकही नोकरीला नाही. पगार म्हणजे निराधारचे पैसे. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारानं गाठलेले, अशांसाठी. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना. २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात; दिव्यांगांना २०२५ पासून २,५००. त्याआधी हजार होते.

या ओट्यावर कोण बसणार, हे ठरतं तहसील कचेरीत. दिव्यांगांसाठी मर्यादा थोडी वर आहे. बाकीच्यांचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. भागून पाहा. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या घराचे. तीनशे रुपये रोजानं सत्तर दिवस खुरपलं, की बाई या रेषेला टेकली. खरं सांगितलं तर नाव बाद होतं. दाखल्यावर आकडा कमी लिहून घेतला, तर ती खोटी ठरते. नवरा गेलेल्या बाईला कुणी असं कोंडीत धरू नये.

२०२४ साली लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. एकच राज्य, एकच रक्कम, आणि दोन अटींत जवळपास बारा पटींचं अंतर. साहजिकच लाभार्थींचा आकडा दोन कोटींच्या पुढे गेला.

मग छाननी सुरू झाली. २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ५ लाख नावं वगळली. त्यातली २ लाख ३० हजार निराधार योजनेतल्या बायांची होती, कारण दोन्हीकडचे पैसे घेता येत नाहीत. बातम्यांत सगळ्यांना एकच शब्द लागला: अपात्र. दारात चारचाकी असलेली आणि घरात कर्ता माणूस नसलेली, दोघी एकाच आकड्यात बसल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात लाडक्या बहिणींसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आली. नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार हवं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार. दोघेही हयात नाहीत, तिनं काय करायचं? मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली, पण ती मागाहून.

साडेअकरा. खिडकीपलीकडून उत्तर येतं, "अजून जमा नाही, मावशी." बाया पासबुक पुन्हा पिशवीत गुंडाळतात. पंच्याहत्तरी उलटलेल्या दोघींना एसटी फुकट आहे. बाकीच्या पदराची गाठ सोडून अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजतात.