गोमाशीचा फोटो समोरून काढा

(बडोद्यात मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय 'फोटोवरून गोमाशी ओळखणे', आणि पहिल्या रांगेतल्या काकू मघाशीच म्हणाल्या, ओळखायची कशाला, मारायची! काकू, मारा. फक्त आधी एक फोटो काढा, आणि तो समोरून काढा. माझं म्हणणं एवढंच आहे.

गेल्या श्रावणात आतेभावानं मला १४ फोटो पाठवले. खाली प्रश्न: "ही कुठली?" माशी गाडीच्या बॉनेटवर बसलेली. काळ्या चकचकीत पत्र्यावर त्या येतातच, तिथून येणारा प्रकाश त्यांना पाण्यासारखा भासतो. पण सगळे फोटो वरून! पाठ, पाठ, पंख, पुन्हा पाठ, चौदाव्यात त्याचा अंगठा. म्हटलं, अरे, आधार कार्डावर पाठमोरा फोटो चालतो का? तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

मग मीच गेलो विश्वामित्री नदीपलीकडच्या एका तबेल्यात. घोट्यापर्यंत चिखल. म्हशीच्या पुढच्या पायावर एक दांडगी माशी बसलेली. मी गुडघे टेकले, फोन माशीच्या तोंडासमोर नेला. तबेलेवाला हसतोय, "आखी भेंसनो पाडो ने, भाई!" म्हणजे अख्ख्या म्हशीचाच फोटो काढा ना! मी श्वास रोखला. हिरवा डोळा चमकला, त्यावर जांभळट पट्टा, आणि तेवढ्यात शेपटी आली. फोन शेणात. माशी उडाली, म्हशीच्या पायावर रक्ताचा थेंब राहिला. ही डासासारखी सुई टोचत नाही, कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते.

फोन धुतला तेव्हा एकच फोटो निघाला, तोही हललेला. पण दोन डोळ्यांमध्ये पट्टी स्पष्ट दिसत होती, म्हणजे मादी. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. रक्त मादीच पिते, नराचं फुलांतल्या मधावर भागतं. तेव्हा काकू, भिडलेले डोळे दिसले तर सोडून द्या बिचाऱ्याला.

आता माझा लाडका मुद्दा. माशी वाळली की डोळ्यांतले रंग आणि पट्टे विझतात. संग्रहालयातल्या टाचलेल्या माशीचे डोळे तपकिरी. कीटकशास्त्रज्ञ गर्ट्रूड रिकार्डोबाईंनी १९११ साली पूर्वेकडच्या टॅबॅनस, म्हणजे गोमाशांच्या एका वंशातल्या, माशांची मोठी छाननी केली, पण वाळक्या माशीच्या डोळ्यात बघून काय कळणार? तुमच्या खिशातला फोन जिवंत डोळा पकडतो, आणि तुम्ही काढता पाठ!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट सांगतो. घरमाशीच्या शृंगिकेवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवर, बारीक केस असतो. गोमाशीची शृंगिका जाड, पुढे रोखलेली. पंखाच्या टोकाशी एक शीर दुभंगते आणि टोकाला कवेत घेते, ते दिसलं की कुळ पक्कं. पंख नितळ असतील तर बहुधा टॅबॅनस. करड्या ठिपक्यांची नक्षी आणि छपरासारखे मिटलेले पंख, तर हेमॅटोपोटा. पंखावर गडद आडवा पट्टा आणि लांब शृंगिका, तर क्रायसॉप्स. पोटावर तीन फिकट उभे पट्टे दिसले की लोक लगेच टॅबॅनस स्ट्रायटस लिहून मोकळे होतात. थांबा! तशाच दिसणाऱ्या मेगॅलॉप्स आणि पार्टिटस आहेत. फोटोवरून 'स्ट्रायटस गट' म्हणावं आणि गप्प बसावं. त्यापुढं जायचं तर डोळ्यांमधल्या पट्टीची उंची-रुंदी आणि तिच्यावरचा चकचकीत उंचवटा बघायचा, म्हणजे पुन्हा तोंडच.

आणि काकू, ओळखायची कशाला, तर सर्रा, म्हणजे जनावरांचा रक्तातला एक रोग. ग्रिफिथ एव्हन्स या पशुवैद्यानं १८८० मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचे जंतू पाहिले. ते एका जनावरातून दुसऱ्यात नेतात याच माशा, आणि स्ट्रायटसचं नाव त्यात ठळक आहे.

घंटा झाली? एक प्रश्न घेतो. हां, फोन ना? चालतो अजून. पावसाळी हवेत थोडा वास येतो.