तबकडीवर जाऊ नका

मंडळी, माझ्याकडे दोन घड्याळं आहेत. या डाव्या हातातली एचएमटी ‘जनता’ माझ्या वडिलांची. तबकडी पिवळी पडलीय, सहाच्या आकड्यापाशी ओल शिरून डाग उठलाय. उजव्या हातातलीही ‘जनता’च, पण केशरी, अगदी नवीकोरी. ही मी हौसेनं विकत घेतली आणि साफ फसलो. कसा, ते सांगतो.

बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ अशी नावं निरनिराळी, पण चावीच्या घड्याळांत आत बहुतेकदा एकच मशीन, ०२३१. सतरा ज्वेल, म्हणजे चाकांचे आस टेकवायचे बारीक खडे, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. गावोगावच्या घड्याळजींना हे मशीन तोंडपाठ होतं, म्हणून दुरुस्ती स्वस्तात व्हायची. आणि नेमकं म्हणूनच आज तीन मोडक्या घड्याळांतून एक चालतं घड्याळ जुळवणं सोपं झालंय. ठोके बरोबर पडतात, वेळही ठीक दाखवतं. फक्त ते कुठल्याच एका घड्याळाचं नसतं!

तबकडीचं दुखणं मात्र याहून मोठं. जुनी तबकडी खरवडायची, नवा रंग मारायचा, वर नाव छापायचं. हे काम पूर्वी लबाडीनं होत नसे. गिऱ्हाईकच म्हणायचं, डायल चकाचक करून द्या. लबाडी सुरू होते ती रंगवलेलं घड्याळ ‘मूळ अवस्थेतलं’ म्हणून विकताना.

माझ्या केशरी ‘जनता’वर दहापट भिंग धरलं तर काय दिसलं? अक्षरांच्या कडा टीपकागदावर शाई फुटावी तशा पसरलेल्या. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. काट्यांच्या भोकाच्या कडेला रंगाचा ओघळ. आणि तबकडीच्या कडेला बारीक खाच, रंगवणारा आपल्या सोयीसाठी पाडतो ती. विकत घेताना मी फक्त रंग पाहिला होता.

स्विस घड्याळांत आणखी एक धागा सापडतो, अंधारात चमकणाऱ्या रंगाचा. आधी त्यात रेडियम असे. साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यानं घेतली आणि तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी अक्षरं येऊ लागली. कुणी तुम्हाला दुसऱ्या महायुद्धातलं घड्याळ म्हणून दाखवलं आणि खाली ही अक्षरं असली, तर निदान तबकडी तरी त्या काळची नाही. रेडियमचे काटे मात्र घरी उघडून खरवडू नका. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, आणि ती भुकटी नाकातोंडात जाणं वाईट.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मी आधी मागचं झाकण उघडायला सांगतो. मशीनवरचा आकडा, झाकणाच्या आतला छाप, दोन्हींचं एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं. विकणारा झाकण उघडायला कां-कूं करू लागला, की मी घड्याळ परत ठेवतो.

वडिलांच्या घड्याळाच्या झाकणात आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या तीन खुणा आहेत. सर्व्हिसिंग केलं की घड्याळजी अशी तारीख टाकून ठेवत. ७९, ८४, ८८. नव्वद साली वडिलांनी सेलवर चालणारं क्वार्ट्झ घेतलं.